आयर्न मेजरने खोडलेला आकडा

कारखानिसांच्या नैनाचं कुणाशी तरी जमलंय ही बातमी इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटा गावात, पहिल्यांदा मी पसरवली. पुराव्यानिशी पसरवली. बिनपुराव्याचं मी बोलत नाही, थोडं वाढवून बोलतो एवढंच.

पुरावा असा. आमचं घर आणि कारखानिसांचं घर समोरासमोर. मुलाने, म्हणजे सुशांतने, मला रस्त्याकडच्या खिडकीची खोली दिली. प्रेमाने दिली, पण चुकलाच तो. रोज सकाळी आठला नैना घराबाहेर पडायची, गाडीपाशी यायची आणि पुढचं दार उघडण्याआधी मागचं उघडायची. मागचं, उजव्या हाताचं. ते धरून उभी राहायची. पाच सेकंद, कधी दहा. मग हलक्या हाताने लावायची आणि पुढे जाऊन बसायची. आत काही ठेवायची नाही की बाहेर काही काढायची नाही. पाहुण्याला आधी बसवून मग आपण बसावं, अगदी तसं. फक्त पाहुणा काही मला दिसला नाही.

"मागच्या सीटवर आडवा होत असणार," मी सुशांतला म्हणालो.

"बाबा, ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. स्वतःचं कमावते. तिला कुणाला लपवायची काय गरज?"

"गरज नाही म्हणूनच तर संशय येतो."

क्लबहाउसबाहेरच्या बाकावर आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतो. तिथे मी एवढंच म्हणालो की, गाडीत कुणीतरी असतं. आठवड्याने ती बातमी फिरून माझ्याकडे परत आली तेव्हा तो पंजाबी झाला होता, घटस्फोटित झाला होता आणि त्याचं डेंटल क्लिनिकही निघालं होतं. मला भरून आलं. इथे येऊन आपली माणसं बरंच काही विसरली, पण हे विसरली नाहीत.

आता नैनाबद्दल सांगतो. एकनाथ कारखानीस आणि शुभा यांची ही एकुलती एक मुलगी, जन्म इथलाच. एकनाथ इंजिनियर माणूस, शिस्तीचा. मुलगी डॉक्टर होणार हे त्याने ती चौथीत असतानाच सगळ्यांना सांगून टाकलेलं. ती कॉलेजात गेली आणि लष्कराची शिष्यवृत्ती घेऊन बाविसाव्या वर्षी गणवेश चढवून घरी आली. एकनाथ तीन दिवस जेवला नाही, चौथ्या दिवशी तिचे बूट पॉलिश करून दिले. वीस वर्षं ती नोकरीत होती. मेजर झाली. त्याच्या वरची बढती समोर येऊन उभी असताना "नको" म्हणाली आणि बाहेर पडली. का, ते कुणाला कळलं नाही. दोन वर्षांनी एकनाथ गेला, त्यालाही ते न कळताच.

एकनाथच्या दिवसांत तिच्याबरोबर पूर्वी काम केलेला एक कॅप्टन भेटायला आला होता. उंच, गोरा, सॉक्स काढू की नको या विवंचनेत दारात उभा. मी त्याला हाताला धरून आत आणला आणि अर्थातच विचारपूस केली. तो म्हणाला, "सर, आम्ही सगळे तिला आयर्न मेजर म्हणायचो."

"लोखंडी? स्वभावाने म्हणून?"

तो हसला आणि त्याने मला समजावलं. हा हुद्दा नाही. खांद्यावर त्याची खूण नसते, कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. जनरल एक वाक्य बोलतो: अमुक डोंगर अमुक तारखेपर्यंत. ते वाक्य बोलून तो निघून जातो. खाली हजार माणसं ते करणार असतात. मधे त्या एका वाक्याची दोनशे पानं करणारं जे कुणी असतं, कोण कुठून निघणार, पाणी किती, तेल किती, रस्ता बंद झाला तर दुसरा कुठला, हे ठरवणारं, ते बहुधा मेजर असतं. खोलीत बसलेलं, फळ्यासमोर, चार-चार दिवस धड न झोपलेलं. लढाईच्या फोटोत ते दिसत नाही. पण ते एक माणूस आजारी पडलं तर जनरल नुसता वाक्यं बोलत बसेल. अशांमधले जे वाकत नाहीत, कुरकुरत नाहीत, ज्यांचा कागद वरून कधी परत येत नाही, त्यांना हाताखालचे लोक आयर्न मेजर म्हणतात. आदराने म्हणतात, कधी चेष्टेनेही. स्वतः मात्र स्वतःला म्हणायचं नसतं.

मला हे इतकं आवडलं! कारण मला तो माणूस ओळखीचा वाटला. आपल्याकडच्या लग्नात नवरा मिरवतो, यजमान शालू-शेले वाटतो, भटजी घाई करतो. पण कोठीच्या दाराशी एक आत्या बसलेली असते, कमरेला किल्ल्या. तिला ठाऊक असतं की तिसऱ्या पंगतीला जिलब्या किती उरतील आणि वऱ्हाडाच्या बसमधे किती मधुमेही आहेत. तिचा फोटो अल्बममधे नसतो. आमच्या बाकावर मी हे सांगितलं, "आपली नैना म्हणजे अमेरिकेच्या लष्करातली कोठीवरची आत्या!" लोकांनी टाळ्या दिल्या. त्या दिवसापासून अल्फारेटातल्या मराठी मंडळात ती 'मेजर'. गणपतीच्या जेवणावळीचं पार्किंगसुद्धा तिलाच विचारून. ती करायची, छान करायची, पण किती माणसं येतील असं विचारलं की चेहरा बंद व्हायचा. "आकडा तुम्ही सांगा. आकडा मी नाही लिहिणार," म्हणायची.

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे मला तिने नेलं. मी पुढे बसलो. गाडी कॉलनीबाहेर पडली आणि टिंग टिंग सुरू झालं. समोर पट्ट्याचं लाल चित्र. मी माझा पट्टा चाचपला, लावलेला होता. तिचाही होता.

"कुणाचा गं?"

तिने गाडी कडेला घेतली, मागे वळली, हात लांब केला आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावला. आवाज थांबला.

"सेन्सर खराब आहे," ती म्हणाली.

"मग दुरुस्त करून घे की. दहा मिनिटांचं काम."

"नको."

एवढंच. पुढचे पाच मैल मी, जगन्नाथ, एक शब्द बोललो नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, चेरीला फुलं आली होती, आणि माझ्या मानेवर मात्र मागून कुणी तरी बघतंय असं वाटत राहिलं. वळून पाहायची हिंमत झाली नाही. परत येताना मी टॅक्सी बोलावली. तिला म्हटलं, डोळ्यांत औषध घातलंय, वेळ लागेल.

पंजाबी डेंटिस्टची बातमी त्या दिवशी मी मनातल्या मनात मागे घेतली.

महिन्यातून एका रविवारी नैना दक्षिणेकडे जायची, मेकन शहराच्याही पलीकडे, दोन-अडीच तासांवर. हे मला शुभाकडून कळलं. तिथल्या एका गावात लोरेटा हेस नावाची बाई राहायची; तिकडच्या रीतीने नैना तिला 'मिस लोरेटा' म्हणायची. शाळेच्या कँटीनमधे मुलांना वाढायचं काम करून निवृत्त झालेली, नवरा गेलेला. तिचा मुलगा वेस्ली बाविसाव्या वर्षी, दूरदेशीच्या एका डोंगराळ खोऱ्यात मारला गेला होता. नैनाने लष्कर सोडल्यावर तिला पत्र लिहिलं. बाईने फोन केला, घरी ये म्हणाली. नैना गेली आणि मग जातच राहिली. गवत कापून द्यायची, औषधं आणून द्यायची, टेबलाशी बसून पीचचा पाय, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेली त्यांची गोड पोळी, खायची. आईकडे ती जितकं बोलत नाही तितकं तिथे बोलते, असं शुभा म्हणाली, आणि म्हणताना तिने पदर उगाच नीट केला.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकतो, मला मात्र ती उशिरा कळली. लोरेटाबाईंचा समज होता की नैना त्या दिवशी वेस्लीजवळ होती. त्याची ऑफिसर म्हणून, त्याच्या बाजूला. नैनाने तसं कधी म्हटलं नव्हतं. पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या, "तू तिथे होतीस, तो एकटा नव्हता, एवढं मला पुरे आहे." तेव्हा "नाही" म्हणायला तिची जीभ उचलली नाही. एकदा नाही उचलली, की पुढच्या रविवारी ती आणखी जड होते. अशी पाच वर्षं झाली. साऱ्या जगात नैनाला जिथे स्वस्थ बसता यायचं असं ते एकच घर होतं, आणि ते त्या न उच्चारलेल्या 'नाही'वर उभं होतं.

आणि ते पाडलं कुणी? ज्याला खिडकीजवळची खोली दिली होती त्याने.

त्या चैत्रात शुभाने हळदीकुंकू केलं आणि हौसेने लोरेटाबाईंना बोलावलं. शुभा स्वतः विधवा, बाई विधवा, पण शुभाचा नियम साधा आहे: "भाऊजी, अमेरिकेत कसल्या विधवा आणि कसल्या सवाष्णी, सगळ्या पार्किंग शोधून दमलेल्या बायका." आत चाळीस बायकांचा कलकलाट. आम्ही पुरुष नेहमीप्रमाणे गॅरेजमधे, फोल्डिंगच्या खुर्च्यांवर, आंब्याची डाळ कधी येते याकडे डोळे. गाड्यांवर पिवळ्या परागाचा थर. इतर मंडळी क्रिकेट बघायला तळघरात गेली आणि मी एकटा उरलो, तर पन्ह्याचा ग्लास हातात घेऊन लोरेटाबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळावर हळदीकुंकू, कानात मोत्यांच्या कुड्या.

"आत फार प्रेम आहे," त्या म्हणाल्या. "जरा हवा खाते."

असा श्रोता मला वर्षात एखादाच मिळतो. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावातल्या ओढ्यावरच्या पुलाला वेस्लीचं नाव देणार आहेत, मेच्या शेवटच्या सोमवारी, शहिदांच्या दिवशी. नैना बोलणार आहे. "माझ्या मुलाजवळ होती ती. तिच्याशिवाय कोण बोलणार?"

मला वाटलं, बाईंना आपल्या पोरीची खरी थोरवी माहीतच नाही. आणि मी सुरू झालो. आयर्न मेजर म्हणजे काय, कोण म्हणतं, का म्हणतं. कोठीवरच्या आत्याचाही दाखला दिला, बाई खळखळून हसल्या. त्या हसल्या तसा मला चेव चढला.

"अहो, बाजूला उभं राहायला हजार माणसं असतात," मी म्हणालो. "आमची नैना पुढे नसतेच मुळी! ती मागे, शंभर मैल लांब, खोलीत. पण सगळा बेत तिचा. कुणी कुठून जायचं, किती माणसं, किती हेलिकॉप्टरं, सगळं तिच्या हातचं."

"किती हेलिकॉप्टरं," बाई म्हणाल्या.

आवाज तसाच होता, पण हसू गेलं होतं. ग्लास त्यांनी खाली जमिनीवर ठेवला, अगदी सावकाश, सांडू नये म्हणून. त्यांना लष्कराच्या लोकांनी घरी येऊन सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं: दोघं जखमी झाले, हेलिकॉप्टर एकच तयार होतं, दुसरं लांबून मागवावं लागलं.

तेवढ्यात नैना आली, हातात आंब्याच्या डाळीच्या दोन वाट्या. "काका, ही तुमची, तिखट आहे. मिस लोरेटा, ही..."

"बेटा," बाई म्हणाल्या, "त्या दिवसाचा बेत तू केला होतास?"

नैनाने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्यात, पण तसं कुणी पाहिलं नव्हतं. मग तिने दोन्ही वाट्या वॉशिंग मशीनवर ठेवल्या, हात बाजूला घेतले आणि ताठ उभी राहिली.

"यस मॅम. मी केला होता."

"तू तिथे नव्हतीस."

"नाही मॅम. मी त्याला कधी पाहिलं नाही. फोटोत पाहिलं, तुमच्या घरी."

आत कुणीतरी उखाणा घेतला, बायका हसल्या. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं, आणि त्या हास्याच्या मागून नैना बोलत होती, एखादा अहवाल वाचावा तशी. प्रत्येक बेताला एक तक्ता जोडावा लागतो. जखमींचा अंदाज. त्यावरून स्ट्रेचर ठरतात, रक्ताच्या बाटल्या ठरतात, हेलिकॉप्टर ठरतात.

माझ्या तोंडून गेलंच. "आधीच लिहायचं? कोण पडणार ते?"

"कोण ते नाही, काका," ती म्हणाली. "किती ते."

तिने आधी दोन लिहिलं होतं. दोन म्हणजे दुसरं हेलिकॉप्टर तयारीत, कारण त्या उंचीवर एकात एकच स्ट्रेचर उचलता येतं. ते दुसऱ्या तुकडीकडून मागून घ्यावं लागणार, म्हणजे कागद एक दिवस वर अडकणार, प्रश्न येणार, परत येणार. तिचा कागद अकरा महिन्यांत एकदाही परत आला नव्हता. तिच्या खोलीतल्या पोरांनी दारावर चिकटपट्टीवर लिहून ठेवलं होतं, आयर्न मेजर. ती पट्टी तिने काढली नव्हती. तिला आवडली होती ती. तिने दोन खोडलं आणि एक लिहिलं.

"कुणी सांगितलं तुला खोडायला?"

"कुणीही नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. तो आकडा फक्त माझा आहे."

"आणि ते एक जे आलं..."

"त्यातून दुसरा मुलगा गेला. त्याचं रक्त जास्त वाहत होतं. तो जिवंत आहे. वेस्ली थांबला."

"किती वेळ?"

"सव्वीस मिनिटं."

बाई उठल्या. पर्स काखेत घेतली. कपाळावरचं कुंकू घामाने जरा ओघळलं होतं, ते त्यांना कळलं नाही. नैना त्यांच्या बाजूला सरकली तर त्यांनी तळहात पुढे केला: जवळ येऊ नकोस.

"पाच वर्षं तू माझ्या टेबलाशी बसलीस," त्या म्हणाल्या. "मेमधलं ते भाषण तूच करायचं. मला सांगितलंस ते पुलावर सांगायचं, सगळ्यांसमोर. त्यानंतर तुला माझ्या दारात उभं करायचं की नाही ते मी बघेन."

आणि त्या गेल्या. त्यांची गाडी वळणाआड होईपर्यंत नैना गॅरेजच्या तोंडाशी उभी होती.

त्यानंतरचे पाच आठवडे मला विचारू नका. शुभा माझ्याशी बोलेना. रस्त्यात दिसली की मान दुसरीकडे. बाकावर मंडळी विचारायची, "जगन्नाथराव, काय ताजं?" मी म्हणायचो, काही नाही. त्यांना वाटलं मला बरं नाही. खरंच नव्हतं. सकाळी आठला मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो, आणि पडद्यामागून ते दार उघडल्याचा आवाज यायचा, आणि मग काहीच यायचं नाही. मी मोजत बसायचो. पूर्वी दहापर्यंत जायचो. आता तीस, चाळीस. शेवटी ते दार लागायचं तेव्हा माझा श्वास सुटायचा.

एक दिवस मी चप्पल घालून समोर गेलो. ती गाडीपाशीच होती. मागचं दार धरलेलं.

"नैना, माफ कर बाळ. माझ्या तोंडाला कुलूप नाही."

"यू टॉक टू मच, काका," ती म्हणाली. मराठी तिची मोडकी नाही, पण चिडली की इंग्रजीत जाते. "ते घर होतं ना, ते माझ्याकडे एकच होतं. तुम्ही ते घालवलं."

"हो."

"मी पण घालवलं. आधीच. मला माहीत आहे." दार तिने सोडलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी वेडी आहे?"

"मला आधी वाटलं होतं, तुझं कुणाशी तरी जमलंय."

ती हसली. पहिल्यांदाच, आणि लगेच थांबली. "तो काही करत नाही, काका. बोलत नाही, रडत नाही. मूव्हीत दाखवतात तसं काही नाही. तो फक्त थांबलेला असतो. कुठेही निघाले की आधी तो दिसतो, रस्त्याच्या कडेला, थांबलेला. म्हणून आधी त्याला बसवते. आधी तो, मग मी."

मी त्या सीटकडे पाहिलं. साधं राखाडी कापड. त्यावर बसल्याचा खळगा होता की माझ्या मोतीबिंदूचा दोष, देव जाणे. मी मात्र, का कोण जाणे, जरा बाजूला सरून उभा राहिलो. कुणाची वाट अडवू नये म्हणून.

"सोमवारी काय बोलणार?" मी विचारलं.

"तीच तर पंचाईत. लिहायला बसते, आणि छान होतं. इतकं छान प्लॅन होतं की ऐकणारे रडतील आणि मला माफ करतील. मग फाडून टाकते."

मेच्या शेवटच्या सोमवारी सुशांतच्या गाडीतून आम्ही गेलो. गाडी सुशांतने चालवली. शुभाने मला "चला" एवढं म्हटलं, म्हणजे समेट झाला. नैना पहाटेच पुढे निघून गेली होती. पूल म्हणाल तर आपल्याकडचा मोठा मोरीचा पूल, खाली तांबडं पाणी. बाजूच्या गवतावर खुर्च्या मांडलेल्या, पन्नासेक माणसं, चर्चची मंडळी, वयस्कर सैनिक टोप्या घालून. नव्या पाटीवर निळं कापड. पहिल्या रांगेत लोरेटाबाई, काळ्या हॅटमधे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

नैना उठली. हातात कागद नव्हता.

"माझं नाव नैना कारखानीस. वेस्ली हेसला मी कधीही भेटले नाही," ती म्हणाली, आणि खुर्च्या करकरल्या.

पुढे तिने ते सगळं सांगितलं. शोभा केली नाही. आयर्न मेजर कशाला म्हणतात ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "ते नाव लोक देतात. मी ते मनातल्या मनात स्वतःला दिलं होतं. त्या नावासाठी मी दोन खोडून एक लिहिलं." सव्वीस मिनिटंही सांगितली. मग तिला काहीतरी आणखी म्हणायचं होतं, ओठ हलले, पण ती थांबली आणि नुसतीच उभी राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी ओरडलंही नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा सैनिक उठला, काठी टेकत आपल्या ट्रककडे गेला आणि निघून गेला. त्या ट्रकचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. शुभाने माझं मनगट धरलं होतं. एवढी ताकद त्या बाईत आहे, मला माहीत नव्हतं.

पाद्री पुढे व्हायला लागला तर लोरेटाबाईंनी त्याला बाजूला केलं, स्वतः चालत पाटीपाशी गेल्या आणि कापड ओढून काढलं. आपल्या मुलाचं नाव वाचलं. घडी घालून कापड हातात घेतलं. मग वळल्या आणि नैनापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी दोन पावलांवर होतो, म्हणून ऐकलं. सवय.

"हे पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी तुला दार उघडलं नसतं."

"यस मॅम."

"तो दुसरा मुलगा. त्याचं नाव काय?"

नैनाने सांगितलं. बाईंनी ते पुटपुटून पाहिलं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही मॅम."

"कळव त्याला." बाई कापडाची घडी उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. "या रविवारी येऊ नकोस. पुढच्याही नको. मला तुझा चेहरा बघवत नाही."

"यस मॅम."

"जूनच्या शेवटी छताच्या पन्हाळी साफ करायच्या असतात. पानं साचून कुजतात, वेस्ली असताना तो करायचा. मला शिडी चढवत नाही. आत बसायचं नाही. पीचचा पाय मिळणार नाही. काम करायचं आणि जायचं."

"किती वाजता, मिस लोरेटा?"

"आठला ये. ऊन चढायच्या आत."

आणि त्या चर्चच्या मंडळींकडे निघून गेल्या, मागे न बघता.

शुभा पुढे झाली. तिला इंग्रजी समजतं, पण या बाईंचा दक्षिणी हेल तिला कधीच लागत नाही. "काय म्हणाली गं ती? रागावली? काय म्हणाली?"

नैना पुलाच्या कठड्याला टेकली होती. चेहरा पांढराफटक. "पन्हाळ साफ करायला बोलावलंय. जूनमधे."

शुभाने पर्समधून रुमाल काढला, स्वतःचे डोळे पुसले, आणि तोच रुमाल मुलीच्या कपाळावर फिरवला.

"मग रबराचे हातमोजे घेऊन जा," ती म्हणाली. "कुजक्या पानांत काय काय असतं."